मदत हवी आहे: यलोस्टोनला दोन तास बसूनही गायझर उडाला नाही, उद्या शेवटचा दिवस

खडीसाखर
अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आलो आहोत. आज एका गायझरसमोर, म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या फवाऱ्यासमोर, दोन तास बाकावर बसून राहिलो, तो उडालाच नाही. सासूबाईंना थंडी वाजायला लागली म्हणून उठलो, आणि अर्ध्या वाटेवर पोचतो तोच मागून लोकांचा गलका! वळून पाहिलं तर झाडांवर नुसती वाफ. उद्याचा एकच दिवस हातात आहे. नक्की किती वाजता जाऊन बसायचं, एवढंच सांगा. लवकर सांगा प्लीज, खोलीवरचं इंटरनेट सारखं जातंय.

टेकडीपलीकडे
ओल्ड फेथफुल, म्हणजे तिथला सर्वांत प्रसिद्ध गायझर ना? त्याला दोन तास? शक्य नाही. दर तासाला उडतो तो. आम्ही पाहिला तेव्हा अगदी वेळेवर उडाला होता.

गारवेल
दर तासाला ही जुनी गोष्ट झाली. १९५९ चा हेब्जेन लेकचा भूकंप आणि नंतरचे भूकंप, यांनी त्याचं मधलं अंतर वाढत गेलं. आता बहुतेक वेळा दीड तास लागतो. फवारा अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर पुढचा साधारण तासाभराने, जास्त चालला तर दीड तासाच्या आसपास किंवा त्याहून उशिरा. रेंजर यावरूनच वेळ सांगतात आणि ती दहा मिनिटं इकडेतिकडे धरून बरोबर येते. म्हणजे दोन तास बसलात तो ओल्ड फेथफुल नव्हे.
खडीसाखर, गायझरचं नाव द्या ना. उद्यानात पाचशेच्या आसपास गायझर आहेत. आणि मुक्काम कुठे आहे?

आगबोट
उद्यानातल्या नॉरिस भागातला स्टीमबोट गायझर असणार! जगातला सर्वांत उंच फवारा, ९० मीटरच्या वर जातो. मार्च २०१८ मध्ये जागा झाला, २०१९ आणि २०२० या दोन्ही वर्षी ४८-४८ वेळा उडाला. त्याआधी १९११ ते १९६१ अशी पन्नास वर्षं गप्प होता. मी तीन दिवस ओळीने जाऊन बसले. छोटे उसासे दिसले, मोठा फवारा नाही, तरी परत जाणार आहे. उद्या सरळ नॉरिस गाठा.

गारवेल
आगबोट, शेवटच्या दिवशी कुणाला स्टीमबोटपाशी बसवू नका हो. त्याचं भाकीत कुणीच करू शकत नाही, आणि यांच्यासोबत वयस्कर माणसं आहेत.

आगबोट
भाकीत होत नाही म्हणूनच जायचं. ठरल्या वेळी उडणारं सगळेच बघतात.

खडीसाखर
स्टीमबोट नाही, ग्रँड. मला वाटलं लिहिलंय मी. मुक्काम वेस्ट यलोस्टोन गावात. परवा पहाटे बोझमनहून विमान.
सासऱ्यांचा वेगळाच प्रश्न आहे: इतके गरम पाण्याचे झरे आहेत तर गुडघे शेकायला कुठे उतरता येईल का?

टेकडीपलीकडे
येतं की. उत्तरेला मॅमथजवळ बॉयलिंग रिव्हर आहे, तिथे झऱ्याचं पाणी नदीत मिसळतं. छान कोमट असतं. आम्ही तासभर बसलो होतो.

तांबूस
टेकडीपलीकडे, कृपया जुन्या माहितीवर कुणाला पाठवू नका. जून २०२२ च्या पुरापासून ती जागा बंद आहे.
काका, उद्यानातल्या उष्ण झऱ्यांत हात घालायलाही बंदी आहे. त्या उंचीवर पाणी ९३ अंशांना उकळतं आणि कित्येक कुंडं त्याच्या जवळपास तापलेली असतात. भोवतीची जमीन म्हणजे वर पापुद्रा, खाली उकळतं पाणी. आजवर वीसहून जास्त माणसं भाजून दगावली आहेत. फळ्यांच्या वाटेवरून पाय खाली टाकायचा नाही. शेकायचंच असेल तर पुढच्या खेपेला कोडी गावाच्या पुढचं थर्मोपोलिस हे गाव ठेवा. तिथल्या सरकारी स्नानगृहात वीस मिनिटं फुकट बसता येतं, पाणी ४० अंशांचं. उद्या मात्र जमणार नाही, फार लांब आहे.

रानमेवा
लामार खोऱ्यात पहाटे लांडगे दिसतात. गायझर काय, दिवसभर आहेतच. अस्वल पळवायचा स्प्रे घेतलात का? बायसनपासून २५ यार्ड, अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड दूर राहायचं.

गारवेल
रानमेवा, लामार दुसऱ्या टोकाला आहे. जाऊन येण्यातच त्यांचा दिवस संपेल.
खडीसाखर, आता ग्रँडचं. ‘नक्की किती वाजता’ याचं उत्तर आज रात्री कुणीच देऊ शकणार नाही. आधी कधी उडाला होता त्यावरूनच पुढची वेळ काढतात. दोन फवाऱ्यांत सहा-सात तास जातात, कधी जास्तही, आणि सांगितलेल्या वेळेच्या पुढे-मागे तासाभराहून अधिक सूट धरलेली असते. सकाळी ओल्ड फेथफुलच्या माहिती केंद्रातल्या फलकावर वेळ बघा. उद्यानाचं अॅप आत्ताच ऑफलाइन उतरवून ठेवा, आत रेंज मिळेलच असं नाही. सूट धरलेला तो वेळ सुरू व्हायच्या आधी बाकावर बसा आणि संपेपर्यंत उठू नका. शाली घ्या, पाणी घ्या, खाऊ घ्या.

भूगर्भ
नुसतं बसू नका, कुंडाकडे बघत बसा. ग्रँडचं कुंड आधी हळूहळू काठोकाठ भरतं. शेजारी टर्बन नावाचा छोटा गायझर आहे, तो साधारण वीस मिनिटांनी उसळतो. कुंड भरून पृष्ठभागावर लाटा उठायला लागल्या की श्वास रोखायचा. टर्बन सुरू झाला आणि ग्रँड नाही उठला, तर बहुधा आणखी वीसेक मिनिटं गेली असं समजायचं.
असं का होतं ते सांगतो, म्हणजे वाट बघणं जड जाणार नाही. पाऊस आणि बर्फाचं पाणी खोल मुरून तापलेल्या खडकापर्यंत जातं. वरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उकळबिंदूच्या पुढे तापलं तरी उकळत नाही. वाटेत नळी अरुंद असते. वरचं थोडं पाणी सांडलं की दाब उतरतो आणि खालच्या पाण्याची एकदम वाफ होते, तीच सगळं उधळून लावते. नळ्यांना आतून सिलिकाचा लेप असतो, म्हणून त्या दाब सोसतात. ओल्ड फेथफुलची नळी इतरांशी फारशी जोडलेली नाही, म्हणून तो शिस्तीचा. ग्रँडच्या आसपासची मंडळी मात्र एकमेकांच्या पाण्यावर जगतात.

गारवेल
हे महत्त्वाचं राहिलं: ग्रँड नऊ-दहा मिनिटं उडून थांबतो आणि लोक टाळ्या वाजवून निघतात. बसून राहा. कधी कधी मिनिटभरात कुंड परत उसळतं, आणि तो दुसरा फवारा बऱ्याचदा पहिल्याहून उंच जातो.

तांबूस
सासूबाईंना किती चालवतं ते लिहिलं नाहीत. ओल्ड फेथफुलपासून रिव्हरसाइड गायझरपर्यंतची डांबरी वाट सपाट आहे, कॅसल गायझर वाटेतच लागतो. ग्रँड हुकलाच तर रिव्हरसाइड बघा. नदीवर कमान टाकतो, वीस मिनिटं चालतो, आणि तासभर आधीपासून काठावरून पाणी सांडायला लागतं, म्हणजे आगाऊ कळतं. मला तर तो ग्रँडपेक्षा जास्त आवडतो.
ग्रँड प्रिझमॅटिक हा रंगीत उष्ण झरा सकाळी घेऊ नका, थंडीत वाफेने रंग दिसत नाहीत. भर दुपारी जा.

टेकडीपलीकडे
दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही. सकाळीच जा.

तांबूस
जागा मिळून वाफच बघायची तर काय उपयोग?

खडीसाखर
सासूबाई मैलभर चालतात, बसत बसत. सगळं टिपून घेतलंय. झोपते.

(दुसऱ्या दिवशी रात्री)

खडीसाखर
पाहिला!!
दोनदा टर्बन उसळला आणि काही नाही. माझा धीर सुटत होता, पण आज सासूबाईच उठायला तयार नव्हत्या. तिसऱ्या खेपेला कुंडावर लाटा दिसल्या, मी सासऱ्यांचा हात धरला आणि पुढचं मला नीट लिहिताही येत नाही. जमीन आतून धडधडत होती. नऊ मिनिटांनी थांबला. गर्दी उठली. गारवेल, तुमच्यामुळे आम्ही बसून राहिलो, आणि दुसरा आला. निम्मे लोक पाठमोरे होते. सासूबाईंनी हात जोडले. मनापासून आभार सगळ्यांचे.
प्रिझमॅटिक राहिलं. ग्रँडसाठी सोडलं, त्याचं वाईट वाटत नाही.

आगबोट
वा! मग नॉरिसला थांबलात का?

खडीसाखर
नाही, वेळच उरला नाही. पण भूगर्भ यांचं लिहिलेलं सासऱ्यांना वाचून दाखवलं, आणि ते आता विचारतायत की तुमचा स्टीमबोट उडाला तर त्याची बातमी कुठे कळते?