अनुभव धागा : महामारीत गोव्यातल्या शाळांनी गाव कसा सांभाळला

मार्च २०२० च्या मध्यावर गोव्यातल्या शाळा बंद झाल्या. सगळे वर्ग पुन्हा भरायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. मधल्या काळात शाळेनं घराघरांत तांदूळ पोचवला, कागद पोचवले, परीक्षा घेतल्या, लसीकरण करून घेतलं आणि सणही केले. ही कामं ज्यांनी केली त्यांनी इथे लिहावं. "शाळेनं खूप मदत केली" एवढ्यानं दुसऱ्या शाळेच्या हाती काहीच लागत नाही. किती, कसं, कुठे अडलं आणि का अडलं ते लिहा. शाळेचं आणि माणसांचं नाव नको.

सरकारी प्राथमिक, सत्तरी

माध्यान्ह आहाराच्या तांदळापासून सुरुवात करते, कारण चुका तिथेच जास्त होतात. हिशेब पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. शाळेचे दिवस २२ धरले तर लहान मुलाला २ किलो २०० ग्रॅम, मोठ्याला ३ किलो ३०० ग्रॅम. ५० किलोच्या पोत्यात कागदावर लहानांचे २२ वाटे बसतात आणि किलो-दीड किलो उरतो. मोठ्यांचे १५ वाटे म्हणजे साडेएकोणपन्नास किलो, आणि तिथेच फसगत होते. पोतं वाटेत गळतं, शिवणीत दाणे अडकतात, अर्धा-पाऊण किलो हमखास कमी भरतो. शेवटच्या मुलाचा वाटा कमी पडला की आई सगळ्यांसमोर रिकामी पिशवी घेऊन उभी राहते. म्हणून मोठ्यांचे पोत्यामागे १४ च वाटे धरायचे आणि उरलेले तांदूळ एकत्र करून पुढचे वाटे काढायचे. पोतं फोडण्याआधी वजन करून नोंद ठेवायची.

काटा इलेक्ट्रॉनिकच हवा. स्प्रिंगचा काटा दोन किलोच्या आसपास शंभर ग्रॅम सहज इकडेतिकडे दाखवतो, आणि शंभर ग्रॅम म्हणजे एका मुलाचं एका दिवसाचं जेवण. जूनपासून पोती जमिनीला टेकवायची नाहीत. जुन्या बाकांच्या फळ्या वीतभर उंच मांडून, भिंतीपासून हातभर सोडून रचायची. तरीही तांदळात टोके (किडे) पडतात. वाटपाच्या आदल्या दिवशी तांदूळ चाळून घेतले तर पालकांना ते घरी निवडत बसावं लागत नाही.

बोलावताना इयत्तेप्रमाणे बोलावू नका, वाड्याप्रमाणे (गावातल्या वस्तीप्रमाणे) बोलवा. एका घरची तीन मुलं तीन इयत्तांत असली तर त्याच आईला तीन फेऱ्या पडतात. वाड्याप्रमाणे यादी केली की एका फेरीत काम होतं आणि शेजारीण शेजारणीची पिशवीही नेते. सहीला एकच पेन सगळ्यांच्या हातातून फिरायचं. ते टाळायला शिक्षिकेनं नाव पुकारून खूण करावी आणि पंच (पंचायत सदस्य) किंवा पालक-शिक्षक संघाच्या कोणीतरी शेवटी साक्षीची सही करावी.

बांधकामावरच्या कन्नडभाषक कुटुंबांची मुलं यादीतून पहिल्यांदा गळतात. फोन लागत नाही म्हणून "गैरहजर" लिहून मोकळं होऊ नये. मुकादमाकडे किंवा भाड्याची खोली देणाऱ्या घरमालकाकडे विचारलं की पत्ता लागतो.

माध्यमिक, लिपिक, केपे तालुका

ताईंनी तांदळाचं लिहिलं, मी पैशांचं लिहितो. जिथे आहाराची रक्कम मुलांच्या खात्यात जमा करायची होती तिथे ती परत येण्याची दोन मोठी कारणं होती. पहिलं कारण, दोन वर्षं व्यवहार नसलेलं मुलाचं खातं निष्क्रिय होतं. दुसरं, बँकांचं विलीनीकरण. गोव्यात सिंडिकेट आणि कॉर्पोरेशन बँकेची खाती भरपूर. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात गेली आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये. सिंडिकेटचे जुने आयएफएससी कोड (पैसे पाठवताना लागणारे शाखेचे कोड) १ जुलै २०२१ पासून चालेनासे झाले. पासबुकावर जुनाच कोड छापलेला, पालक तोच फोटो पाठवणार. यादीत बँकेचं नाव पाहूनच ही खाती बाजूला काढली आणि नवा कोड शाखेकडून एकदाच विचारून घेतला की तीस घरांचं काम एका फोनवर होतं. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि पासबुकावर दुसरं असेल तर तेही आत्ताच जुळवून घ्या.

प्राथमिक शिक्षक, सांगे

नेत्रावळी, कोटीगाव, म्हादई या अभयारण्यांच्या बाजूचे वाडे, तिथे मुलं डोंगर चढून नेटवर्क शोधत होती. पावसात तिथे जळवा, जनावराचं भय आणि वीज. त्यामुळे पहिला नियम असा की, ज्या वाड्यावर नेटवर्क नाही तिथल्या मुलासाठी थेट तास घ्यायचाच नाही. चार मिनिटांचा आवाजाचा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर साधारण अर्ध्या एमबीचा होतो आणि रडतखडत का होईना उतरतो. तोच धडा व्हिडिओत केला तर तेव्हाच्या १६ एमबीच्या मर्यादेतही बसत नव्हता. संदेश संध्याकाळी सातनंतर पाठवायचा, कारण फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो.

स्वाध्याय कागदावरच द्यावा. पाठपोट एक पान, तीन दिवसांचं काम. जास्त दिलं की मूल पहिल्याच दिवशी संपवतं किंवा हात लावत नाही. पानं पारदर्शक फोल्डरमध्ये घालून वाड्यावरच्या दुकानात ठेवायची. पावसाळ्यात उघडा कागद दोन दिवसांत मऊ पडतो आणि पेनाची शाई फुटते. पेन्सिलीनं सोडवलेल्या पानाचा फोटो मागवू नका, काही दिसत नाही. पानच परत मागवा. सुरुवातीला आलेले कागद तीन दिवस बाजूला ठेवायचे. कागदावरून लागण होण्याचा धोका नगण्य आहे हे पुढे कळलं आणि ती अट सुटली.

अनुदानित शाळांकडे बालरथ (सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसगाड्या) आहेत. चालक आणि गाडीतले मदतनीस यांना प्रत्येक मुलाचं घर आणि वळण माहीत असतं. कागद पोचवायला त्यांच्यासारखी माणसं नाहीत. शिवाय गाडी आठवड्यातून एकदा निघाली की बॅटरीही उतरत नाही.

परीक्षा केंद्र, बार्देश

२१ मे २०२० पासून दहावीची परीक्षा झाली तेव्हाचं थोडक्यात. २० बाय २५ फुटांच्या वर्गात सहा फुटांचं अंतर राखून आणि पर्यवेक्षकाला वाट सोडून १२ मुलं नीट बसतात. बाकांची जागा खडूनं नको, पुसली जाते. रंगानं खूण करा. मे महिन्याच्या उन्हातून चालत आलेल्या मुलाचं कपाळ तापलेलं असतं, तापमापक ताप दाखवतो आणि पोर घाबरतं. दहा मिनिटं सावलीत बसवून मगच मोजा.

बाक पुसायला ब्लिचिंग पावडर लिटरला ३० ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला ३०० ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग पाणी वाढवा आणि फडक्यातून गाळा, नाहीतर फवाऱ्याचं तोंड तुंबतं. दहा मिनिटांनी साध्या पाण्यानं पुसा, लोखंडी पाय गंजतात. कालचं द्रावण आज वापरू नका, त्यातला क्लोरीन उडालेला असतो. अ‍ॅसिडमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

हायस्कूल, वर्गशिक्षिका, तिसवाडी

२०२१ च्या एप्रिल-मेच्या लाटेनंतर शाळेनं करायचं एक काम कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. मुलाचे वडील गेले, पण वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात त्यांचा नंबर तसाच. "सर्व पालकांनी" म्हणून संदेश त्या फोनवर जात राहतो आणि घरी तो फोन वाजत राहतो. नंबर परस्पर काढला तर गटात "काढण्यात आले" असं सगळ्यांना दिसतं. आधी आईशी किंवा काकांशी बोलावं, कोणता नंबर हवा ते विचारावं, तो जोडावा, आणि जुना त्यांनाच बाहेर पडू द्यावा.

मदतीची कागदपत्रं शाळेनंच एका पाकिटात तयार करून द्यावीत. बोनाफाईड दाखला, जन्मतारखेचा उतारा, मुलाच्या आधारची आणि पासबुकाची प्रत. आई-वडील दोघेही किंवा एकमेव हयात पालक गमावलेल्या मुलांसाठी २९ मे २०२१ ला पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन योजना जाहीर झाली. ते अर्ज बालकल्याण समिती आणि जिल्हाधिकारी यांच्यामार्फत जात होते. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव शाळेच्या नोंदीशी जुळतं का ते पाकीट देण्याआधी पाहा. ऑनलाइन तासाला अशा मुलाला कॅमेरा सुरू करायला सांगू नये, आणि "घरी सगळे कसे आहेत?" हा प्रश्न वर्गात विचारूच नये.

संगीत शिक्षक, फोंडा

कौतुकाचं आणि सणांचंही लिहायला हवं, नाहीतर दोन वर्षं नुसती पोती मोजण्यात गेली असं वाटेल. चवथ (गणेशचतुर्थी), सरस्वती पूजन, गोवा मुक्तीचं साठावं वर्ष, सगळं त्याच काळात आलं.

गूगल मीटवर घुमट आरती (घुमट या मातीच्या, कातडं ताणलेल्या वाद्यावर म्हणायची गोव्यातली आरती) एकत्र म्हणवून घेऊ नका. आवाज पोचायला प्रत्येकाला वेगवेगळा उशीर लागतो, आणि धिम्या लयीतही आरती फाटते. पद्धत अशी : एका मुलानं शामेळ (काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आणि कासाळं (झांजा) यांच्यावर लय धरून पूर्ण आरती रेकॉर्ड करायची. सुरुवातीला चार मात्रा मोजायच्या आणि एक जोरात टाळी. हा आवाज सगळ्यांना पाठवायचा. प्रत्येकानं दुसऱ्या फोनवर, इअरफोन लावून, तो ऐकत आपला भाग रेकॉर्ड करायचा, आणि त्याच जागी आपणही टाळी द्यायची. जोडताना टाळ्या एकमेकींवर बसवल्या की सगळं जुळतं. इअरफोन नसेल तर मूळ आवाज प्रत्येकाच्या रेकॉर्डिंगमध्ये घुसतो आणि पंधरा घरांचा गोंगाट होतो.

घुमटाची थाप मोठी. फोन जवळ ठेवला की आवाज फाटतो, म्हणून सहा-सात फूट लांब, आणि शक्यतो मातीच्या किंवा सामान भरलेल्या खोलीत. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत घुमतो. पावसात कातडं सैल पडून घुमट बसका वाजतो, आधी थोडा शेकून घ्यावा. व्हिडिओची फाईल "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, साधी पाठवली की व्हॉट्सअ‍ॅप ती दाबून बारीक करतं.

माटोळीचाही (चवथीला गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधून केलेल्या सजावटीचाही) स्वाध्याय चांगला होतो. कवंडळ, घागऱ्यो, नागलकुडा, तोरिंगण, सुपारीची शिपटी, एकेकाचं चित्र, कुठे उगवतं आणि घरात कोण आणतं. आजी-आजोबांना विचारल्याशिवाय तो पूर्ण होत नाही, हेच त्याचं बळ. कवंडळ खायचं नसतं हे पानावर ठळक लिहा.

२०२१ च्या दहावीला परीक्षा नाही, निरोप समारंभ नाही, निकाल अंतर्गत गुणांवर. त्या मुलांसाठी दारोदार सत्कार सर्वांत चांगला झाला. बालरथमधून दोन शिक्षक, वाड्याप्रमाणे घरं, दर घरी चार-पाच मिनिटं, अंगणातच. गुलाबाचं फूल, प्रमाणपत्र आणि मुलाबद्दल आई-वडिलांसमोर दोन खरी वाक्यं. ती वाक्यं वर्गशिक्षकानं आधी लिहून काढावीत, ऐनवेळी सगळ्यांना "हुशार आणि गुणी" एवढंच सुचतं. गुणांचा आकडा बोलू नये, शेजारच्या घरीही त्याच वर्गातलं मूल असतं. दिवसाला पंचवीसच्या वर घरं घेतली की शेवटच्यांच्या वाट्याला घाई येते.

सरकारी प्राथमिक, सत्तरी

सर, सत्काराच्या यादीत एक भर. स्वयंपाक करणाऱ्या स्वयंसहाय्य गटाच्या बायका, दुकानदार, बालरथचा चालक, यांनाही त्याच फेरीत घ्या. गटाच्या बायकांचं तर शाळा बंद असताना काम गेलं होतं. चाळणं, वाटे करणं हे काम त्यांनाच आधी विचारावं.

आणि शाळा उघडताना पाण्याची टाकी विसरू नका. आधी घासून, नळ मोकळे सोडून जुनं पाणी काढा. मग भरलेल्या टाकीत हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लिचिंग पावडर, आणि तासभर नळ बंद.