आठवी ते दहावीच्या मुलांना भावना सांभाळायला कसं शिकवता? अनुभव लिहा

मी सिंहगड रोडला नववी-दहावीला शिकवते. हल्ली मार्कांपेक्षा मला मुलांचे रुसवे, प्रीलिमची धास्ती, कुणाला तरी ठरवून ग्रुपमधून काढून टाकणं याचीच जास्त काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बीएडला पाठ केलीत, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही हा विषय आहे, पण वर्गात तुम्ही नक्की काय करता ते हवंय. पालकांनीही लिहा. मुलांची, शाळांची नावं नकोत प्लीज.

*

समुपदेशक आहे, कोथरूडला. भाषणाने काही होत नाही हे आधीच सांगते. "नाही म्हणणं" घ्यायचं असलं की मी सरळ जोड्या पाडते. एकाने आग्रह करायचा, "एक झुरका मार रे, कोणाला कळतंय", दुसऱ्याने नकार द्यायचा. पहिल्या फेरीत सगळे कारणं देतात, आई ओरडेल, क्लासला जायचंय, आणि समोरचा एकेक कारण खोडत जातो. मग विचारायचं, काय झालं? मुलंच सांगतात, मॅडम तो कारणावरच वाद घालत बसला. दुसऱ्या फेरीत कारण द्यायचंच नाही, "मला नकोय" म्हणायचं आणि निघायचं. तोंडाने चार वेळा म्हणून झालेलं असलं ना, की टपरीवर ऐनवेळी तेच आठवतं.

*

आम्ही येरवड्यात, वर्ग भरगच्च, त्यामुळे जोड्या पाडल्या की शेजारच्या वर्गातून तक्रार येते. पण भांडण झालं की मी "सॉरी म्हण" म्हणायला लावत नाही, दोघांना वेगवेगळं बसवून विचारतो, काय झालं, त्रास कोणाला झाला, आता नीट कसं करशील. मध्ये एकाने दुसऱ्याचा कंपास पायाखाली चिरडला. बराच वेळ खाली मान घालून गप्प, मग म्हणाला, सर, तो माझ्या पप्पांच्या दारूवरून सगळ्यांसमोर बोलला. दुसऱ्याला हे विचारलं तर तो स्वतःहून म्हणाला, सगळ्यांसमोर बोललो तर सगळ्यांसमोरच मागे घेतो. आणि घेतलं त्याने. मधली सुट्टी गेली, जाऊ दे.

*

हडपसर, दहावीच्या मुलीची आई. वेळापत्रकात "स्व-विकास व कलारसास्वाद" असतो पण तो तास बीजगणितालाच जातो. ज्या वर्षी पोरं सगळ्यात ताणात असतात त्याच वर्षी हे होतं याचं फार वाईट वाटतं.

*

कोथरूडवालीच परत. एक राहिलं. मुलं मोकळी झाली की जड गोष्टी बाहेर येतात, तेव्हा "कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मी मुलाला म्हणते, तुला धोका असेल तर मदत करणाऱ्याला सांगावंच लागेल, पण कोणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन. आणि बाकीचं स्टाफरूममध्ये चहाबरोबर अजिबात बोलायचं नाही, एकदा कानावर गेलं की ते मूल परत तोंड उघडत नाही. टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ आणि चाइल्डलाइन (अडचणीतल्या मुलांसाठी) १०९८ हे नंबर वर्गात लावून ठेवा.

*

धागाकर्ती: नंबर उद्याच लावते. जोड्यांचं नववीला घेईन म्हणते, पण मुलगा-मुलगी अशा मिश्र जोड्या पाडता का? आमच्याकडे त्यावरून चिडवाचिडवी फार होते.