मदत हवी आहे: डांबरी रस्त्यासाठी सायकलचा टिकाऊ टायर कोणता? (सोलापूर)

मंडळी, जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रोज सायकलनं जातो. सगळा रस्ता डांबरी, नाहीतर सिमेंटचा. सायकल हायब्रीड, टायरवर 700×35सी आणि 37-622 असे आकडे आहेत.

मागचा टायर वर्षभरात मधोमध सपाट होऊन धागे दिसायला लागले. पुढच्याची नक्षी अजून शाबूत आहे. त्याहून मोठा त्रास पंक्चरचा. वेड्या बाभळीचे काटे, आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा. तार पंक्चरवाल्यालाही सापडत नाही. पंक्चर काढून आणलं की दुसऱ्या दिवशी तिथंच हवा गेलेली. परवा सकाळच्या पाळीला उशीर झाला, अर्ध्या दिवसाचा पगार गेला.

दुकानदार म्हणतो, "बटण टायर घ्या, रबर जाड असतं." मला पटत नाही. मित्राकडे तसलेच आहेत. डांबरावर घरघर आवाज येतो, पाय भरून येतात आणि बटणं लवकर झिजली. काटा तर दोन बटणांच्या मधूनच घुसतो. पण गुळगुळीत टायर पावसाळ्यात घसरेल याची धास्ती वाटते. कुणाचा अनुभव? आणि दोन्ही बदलू की मागचाच?

प्रतिसाद:
बटण टायर मातीच्या वाटेसाठी, तुम्हाला नको. डांबरावर पकड रबराची असते, नक्षीची नव्हे. सायकलचा टायर अरुंद आणि गोल, तो पाणी बाजूला सारतो. ओलं लोखंडी झाकण, रस्त्यावरचे रंगाचे पट्टे आणि पहिल्या पावसात वर आलेलं ऑइल यांवर मात्र कुठल्याही टायरचा भरवसा धरू नका.

नक्षीखाली पंक्चररोधक पट्टा असलेला टायर शोधा. श्वालबे मॅरेथॉन प्लसमध्ये हा थर 5 मिमी जाड असतो. टायर जड आणि महाग आहे. दुसऱ्या कंपनीचा पट्टावालाही चालेल, फक्त 622 हा आकडा (टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, मिमीमध्ये) जुळला पाहिजे. जुन्या काळ्या सायकलीचा 28×1½ टायर 635 चा असतो, तो तुमच्या रिमवर बसणार नाही.

तूर्त मागचाच बदला, वजन आणि पेडलचा जोर तिथंच पडतो. झिजलेला टायर मात्र कधीही पुढे टाकू नका, पुढचा फुटला तर सायकल सावरता येत नाही. हवा आठवड्याला तपासा. कमी हवेवर चालवली की टायरच्या बाजूला चिरा पडतात.

तार शोधायला टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथं अडकेल तिथं तार.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आत्ताच पुढच्या टायरमध्ये बोळा फिरवला, दोन तारा निघाल्या. मागच्यासाठी उद्या सुट्टी आहे, 622 लिहून घेऊन नवी पेठेत जातो.