जुने गेम आणि नवे पडदे: फरक खरा की नुसत्या आठवणी?

नळीवाला: कालच्या एका पोस्टमध्ये लिहिलं होतं, “जुने गेम डबा टीव्हीवर चांगले दिसायचे हा आठवणींचा परिणाम. नव्या पडद्यावर एकेक पिक्सेल स्वच्छ दिसतो, मग रडता कशाला?” स्वच्छ दिसतो हेच तर दुखणं आहे! १९९१चा सोनिक लावा आणि पहिल्याच टप्प्यातल्या धबधब्याजवळ थांबा. सोनिक ज्यावर चालायचा त्या सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्राला अर्धपारदर्शक थर जमत नव्हते, म्हणून चित्रकारांनी एकाआड एक उभ्या रेघा काढल्या. जुन्या टीव्हीवर त्या मिसळून पाणी व्हायचं. नव्या पडद्यावर तिथे खिडकीचे गज दिसतात. डोळे तेच आहेत हो, चित्र बदललंय.

पिक्सेलप्रेमी: त्या रेघा टीव्हीने नाही, कंपोझिट केबलने मिसळल्या, ती सगळं चित्र एकाच तारेतून पाठवते. त्याच डब्याला आरजीबी केबल जोडा, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे जातील, गज तिथेही दिसतील. श्रेय योग्य ठिकाणी द्या.

नळीवाला: केबलचं मान्य, नाइलाजाने. पण हालचालीचं काय? डबा टीव्हीच्या काचेच्या ट्यूबवर प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझतो. एलसीडी तीच फ्रेम सेकंदाचा साठावा भाग धरून ठेवतो, म्हणून सोनिक पळाला की मागचं सगळं फरफटतं. यात कसली आलीय आठवण?

पिक्सेलप्रेमी: दोन फ्रेममध्ये काळी फ्रेम घालायची सोय बऱ्याच पडद्यांत असते. उजेड कमी होतो, पण फरफट जाते. तुमच्या लाडक्या डब्याचं सांगू? माझ्याकडचा चालता चालता गेला. मेकॅनिक म्हणाला, एलओटी (ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) उडालीय, या मॉडेलची आता मिळत नाही. दोन माणसांनी धरून खाली नेला तो. नवीन ट्यूब कोण बनवतंय? उद्या खेळायचं कशावर?

चारासतीन: तुम्ही दोघं भांडत बसा, खरा गुन्हा वेगळाच आहे. नातेवाइकांकडे जावं तर ४:३चं (रुंदी ४, उंची ३) चित्र १६:९च्या रुंद पडद्यावर ताणून बसवलेलं! मारिओ जाडा, नाणी लंबगोल, आणि कुणालाच खटकत नाही. मी रिमोट मागितला तर म्हणे, “पडदा भरलाय ना?” बाजूला काळे पट्टे राहिले तर काय बिघडतं?

पिक्सेलप्रेमी: मग ४:३ तरी पवित्र कसं? सुपर निन्टेंडो हे गेमचं यंत्र बहुतेक वेळा २५६ × २२४ पिक्सेल काढतो. चौरस पिक्सेल धरले तर ते ८:७ होतं. ४:३ करताना तुम्हीही ताणताच आहात.

चारासतीन: ताणत नाही! ते टीव्हीवर ४:३च दिसणार हे काढणाऱ्याला ठाऊक होतं. ८:७मध्ये सगळी पात्रं शिडशिडीत होतात.

पिक्सेलप्रेमी: सगळ्यांनी तसा हिशेब धरला नव्हता. काही गेममधलं वर्तुळ ८:७लाच गोल दिसतं. तुम्ही एकच माप सगळ्यांच्या डोक्यावर मारताय.

चारासतीन: आणि तुम्ही चार अपवाद पुढे करून नियम मोडताय. घरोघरी टीव्ही कोणत्या आकाराचा होता, एवढंच सांगा.

पिक्सेलप्रेमी: ४:३चा. बरं, टीव्हीवरच्या गेमना ४:३. झालं समाधान?

खिशातलागेम: जरा हातातल्या गेमकडेही बघा की. २००१चा गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एलसीडीच होता, पण त्याच्या पडद्यामागे दिवा नव्हता. त्या अंधूक पडद्यावर दिसावं म्हणून अनेक गेमचे रंग मुद्दाम भडक ठेवलेले. आजच्या उजळ पडद्यावर ते विटके, पांढुरके दिसतात. तिथे ट्यूबचा संबंधच नाही. ज्या पडद्यासाठी गेम बनवला तो पडदा महत्त्वाचा.

नळीवाला: मी दुसरं काय म्हणतोय? आणि पिक्सेलप्रेमी, झॅपरचं राहिलंच. निन्टेंडोच्या डक हंट गेमची ही बंदूक ट्यूबचा उजेड कोणत्या क्षणी येतो त्यावर चालते. साध्या एलसीडीवर बदक मारून दाखवा.

पिक्सेलप्रेमी: नाही मरत. बंदुकीपुरता डबा ठेवा. पण नवख्याला “ट्यूब नसेल तर खेळू नकोस” म्हणून हाकलू नका. टीव्हीचा गेम मोड चालू (बटण दाबलं की चित्र लगेच हलावं म्हणून), चित्र ४:३, स्कॅनलाइनचा म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघांचा बरा फिल्टर, आणि खेळू द्या त्याला.

नळीवाला: हाकललं कुणी? खेळू दे की. फक्त “फरक पडतच नाही” हे वाक्य मागे घ्या, मग मीही गप्प बसतो.

चारासतीन: आणि आधी तो १६:९ बंद करा.