संयुक्त समितीकडे पाठवलेल्या सूचनेमुळे विधेयकाचा मसुदा खरोखर बदलतो का?

गिरगावची भाडेकरू (प्रश्न)

नमस्कार. गिरगावातील एका उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या चाळीत आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून राहते आणि मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे. काही वर्षांपूर्वी विधिमंडळाच्या संयुक्त समितीपुढे एक विधेयक होते आणि त्यावर जनतेकडून सूचना व हरकती मागवल्या होत्या. आमच्या भागातील एका मंडळाने त्या वेळी छापील पत्राचा नमुना घरोघर वाटला. ‘या विधेयकास आमचा तीव्र विरोध आहे, ते त्वरित मागे घ्यावे’ एवढाच त्यात मजकूर होता, खाली नाव, पत्ता आणि सही. चाळीच्या जिन्यापाशी टेबल मांडून आम्ही एका रविवारी शंभरावर पत्रे गोळा केली आणि माझेही त्यांत होते.

पुढे तो कायदा झाला, तेव्हा मी तो मिळवून वाचला. ज्याला आपण विरोध केला त्याचा मसुदा आपण कधी उघडूनही पाहिला नव्हता, ही गोष्ट मला तेव्हा फार लागली. आमच्यासारख्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे कायदे पुन्हा पुन्हा दुरुस्त होत असतात आणि यापुढेही होतील. तसे एखादे विधेयक समितीकडे गेले, तर या वेळी मला नीट अभ्यास करून लिहायचे आहे. म्हणून जाणकारांना विचारते, की समितीच्या बैठकीत नेमके काय घडते, तिथे मसुदा खरोखर बदलतो की सर्व आधीच ठरलेले असते, आणि सामान्य नागरिकाने सूचना कशी लिहिली म्हणजे ती निदान वाचली जाते?

निवृत्त कक्ष अधिकारी

ताई, मी समित्यांच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे प्रत्येक विधेयक समितीकडे जात नाही. विधेयक पुरःस्थापित झाल्यावर, म्हणजे सभागृहात पहिल्यांदा मांडले गेल्यावर, मंत्री बहुतेक वेळा ते विचारात घेण्याचाच प्रस्ताव मांडतात आणि ते त्याच अधिवेशनात मंजूर होते. विषय वादाचा असेल, किंवा सभागृहात सदस्यांनी आग्रह धरला, तर ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव येतो आणि दुसऱ्या सभागृहाने त्याला सहमती दिली की समिती स्थापन होते. तिच्यात सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंचे सदस्य असतात, संबंधित विभागाचे सचिव हजर राहतात आणि विधी व न्याय विभागाचे मसुदाकार शेजारीच बसलेले असतात. बैठका खुल्या नसतात. माझ्या अनुभवात याचा एक फायदा असा, की सभागृहात कॅमेऱ्यासमोर एकमेकांवर तुटून पडणारे सदस्य तिथे एका परंतुकावर (‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अटीवर) तासभर शांतपणे बोलतात.

आता आपल्या पत्राचे काय होते ते सांगतो. आलेल्या सूचनांचा खंडनिहाय तक्ता तयार होतो (खंड म्हणजे विधेयकातील कलम). पहिल्या रकान्यात खंडाचा क्रमांक, दुसऱ्यात मूळ मजकूर, तिसऱ्यात सुचवलेली सुधारणा आणि चौथ्यात विभागाचे अभिप्राय. समिती खंड ४ वर आली, की खंड ४ समोरच्या सूचना वाचल्या जातात. एकाच मजकुराची चारशे पत्रे आली असतील तर त्यांची ओळ एकच होते आणि तिच्यापुढे संख्या लिहिली जाते. ज्या पत्रात खंडाचा उल्लेखच नाही, ते ‘सर्वसाधारण’ या शीर्षाखाली शेवटी जाते. त्या पत्रांना किंमत नसते असे मी म्हणणार नाही, कारण चारशे हा आकडा पाहून सदस्य सावध होतात. पण प्रत्यक्ष शब्द बदलण्याची वेळ येते तेव्हा ते पत्र त्या पानावर नसते. तक्ता तयार करताना मला याचे नेहमी वाईट वाटे, कारण त्या सह्यांमागची माणसे तळमळीने लिहिणारी असत.

मसुदा खरोखर बदलतो का, याचे उत्तर ‘हो’ असे आहे. महिला व बालकांवरील अत्याचारांसंबंधीचे ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२० मध्ये सभागृहात आले, तेव्हा तपास पूर्ण करण्यासाठी १५ दिवसांची मुदत होती. इतक्या थोड्या दिवसांत घाईने तपास उरकला तर खटला कच्चा राहील आणि त्याचा फायदा आरोपीलाच मिळेल, ही शंका रास्त होती. समितीकडून विधेयक परत आले आणि डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने मंजूर झाले, तेव्हा ती मुदत ३० दिवस झालेली होती. त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती लागणार होती. ती मिळण्यापूर्वीच १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि ज्या संहितेत दुरुस्ती करायची ती संहिताच उरली नाही, हा पुढचा भाग वेगळा. समितीच्या टेबलावर मात्र १५ चे ३० झाले होते.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. विधेयकाचे मूळ तत्त्वच समितीला उलटे करता येत नाही. ‘मागे घ्या’ ही मागणी सभागृहातील सदस्यांकडे किंवा मंत्र्यांकडे करायची असते. समितीकडे ‘खंड अमुकमध्ये अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घालावेत’ अशा रूपात लिहावे.

फोर्टमधील वकील

कक्ष अधिकारी साहेबांनी लिहिलेले सर्व मान्य, पण दोन गोष्टींची भर घालणे मला आवश्यक वाटते, कारण समितीने बदल केला म्हणजे हरकतीचे समाधान झालेच असे नाही.

पहिली गोष्ट जनसुरक्षा विधेयकाची, म्हणजे बेकायदेशीर कारवाया करणाऱ्या संघटनांविरुद्धच्या विधेयकाची. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ते संयुक्त समितीकडे सोपवले गेले, महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे समितीचे प्रमुख होते आणि १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये अहवाल सभागृहात आला तेव्हा दीर्घ शीर्षकातील (विधेयकाचा उद्देश सांगणाऱ्या सुरुवातीच्या मजकुरातील) ‘व्यक्ती आणि संघटना’ हा रोख बदलून कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटनांपुरता करण्यात आला होता, सल्लागार मंडळाच्या रचनेत न्यायिक अनुभवाच्या व्यक्तींना स्थान निश्चित करण्यात आले होते आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला होता. तपासाचा दर्जा वाढवणे ही माझ्या मते खरी सुधारणा आहे. दीर्घ शीर्षकाबाबत मात्र मी तितका समाधानी नाही. शीर्षक अर्थ लावायला मदत करते, पण खटला उभा राहतो तो व्याख्येच्या खंडावर. त्यातच ‘तशा प्रकारच्या’ हे शब्द ज्या कायद्यात येतात, तिथे त्यांची कक्षा कुठे संपते हे शेवटी न्यायालयालाच ठरवावे लागते. विधेयकाचे समर्थक असोत वा विरोधक, त्यांनी बदललेल्या शब्दांइतकेच न बदललेल्या शब्दांकडेही पाहायला हवे.

त्या अहवालाला विरोधी सदस्यांची एकही भिन्न मतपत्रिका (असहमतीची लेखी नोंद) जोडलेली नव्हती आणि पुढे विधानपरिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. माझे स्पष्ट मत आहे, की समितीतील सदस्याला एखादा खंड पटला नसेल तर त्याने ते लेखी नोंदवलेच पाहिजे. सभात्यागाची बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, पण अहवालाला जोडलेली मतपत्रिका विधिमंडळाच्या ग्रंथालयात कायम राहते आणि दहा वर्षांनी दुरुस्तीची वेळ आली की तीच हाताशी येते. म्हणून ताई, सूचनेची एक प्रत समितीतील अशा सदस्यालाही द्यावी, ज्याला आपला विषय ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. संविधानाच्या अनुच्छेद १९६ प्रमाणे अधिवेशन संस्थगित झाल्याने, म्हणजे संपल्याने, विधेयक मरत नाही, पण विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेले, किंवा तिने मंजूर करूनही परिषदेत अडकलेले विधेयक व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. हेच जनसुरक्षा विधेयक आधी जुलै २०२४ मध्ये मांडले गेले होते. निवडणुकीनंतर ते पुन्हा नव्याने मांडावे लागले. जादूटोणाविरोधी विधेयकाचे उदाहरण याहून क्लेशकारक आहे. विधानसभेने ते डिसेंबर २००५ मध्ये मंजूर केले, परिषदेत ते रखडले आणि पुढे सारा खटाटोप पुन्हा करावा लागला. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यावर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. तेव्हा समितीला मुदतवाढ मिळाली म्हणजे अधिक विचार होईल, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. विधानसभेची किती वर्षे उरली आहेत तेही पाहावे.

केरळमध्ये १९८० पासून विषय समित्या आहेत आणि विधेयके साधारणपणे त्यांच्याकडे जाऊनच सभागृहात परततात. आपल्याकडे तशी कायमची व्यवस्था असावी असे मला मनापासून वाटते, कारण आज एखादे विधेयक समितीकडे जाणे हे त्याच्यावरून किती गदारोळ झाला यावर ठरते. शांतपणे येऊन शांतपणे मंजूर होणाऱ्या विधेयकातही चुका असतात.

अनुवादक, दादर

मी कायद्यांच्या अनुवादाचे काम करते. एकाच मुद्द्यावर लिहिते.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमामुळे आपल्या विधिमंडळात विधेयके मराठीत मांडली जातात आणि राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध होणारा इंग्रजी अनुवाद हा अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीतील प्राधिकृत पाठ ठरतो. उच्च न्यायालयात बहुधा तोच वाचला जातो. म्हणून सूचना लिहिताना दोन्ही पाठ समोर ठेवावेत. ‘प्राधिकारी सुनावणी देईल’ आणि ‘प्राधिकारी सुनावणी देऊ शकेल’ यांत मराठी वाचकाला दोन-तीन अक्षरांचाच फरक दिसतो, पण पहिल्यात सुनावणी हा आपला हक्क आहे आणि दुसऱ्यात ती अधिकाऱ्याची मर्जी. ‘विहित रीतीने’ हे शब्द आले की समजावे, रीत अजून ठरलेली नाही, ती नंतर नियमांत येईल आणि नियम शासन करील. अशा विषयांची यादी विधेयकाला जोडलेल्या प्रत्यायोजित विधानाविषयीच्या (शासनाला नियम करण्याचे अधिकार सोपवण्याविषयीच्या) ज्ञापनात असते. ते ज्ञापन कुणी वाचत नाही आणि म्हणूनच ते आधी वाचावे, असे मी सगळ्यांना सांगते.

गिरगावची भाडेकरू

आपणा तिघांचे मनापासून आभार. कक्ष अधिकारी साहेब, त्या तक्त्याचे वर्णन वाचून आमची शंभर पत्रे एका ओळीत कशी मावली ते कळले.

सराव म्हणून मी एक सूचना लिहिली आहे. समजा एखाद्या दुरुस्ती विधेयकाच्या खंड ३ मध्ये ‘नोटिशीच्या दिनांकापासून सहा महिन्यांच्या आत भाडेकरूंना पुनर्विकासाचा प्रस्ताव सादर करता येईल’ असे आहे. आमच्या चाळीत मालक हयात नाहीत, वारस तीन गावांत आहेत आणि मागे एक नोटीस तळमजल्यावरच्या बंद गाळ्याच्या दारावर कित्येक दिवस चिकटलेली होती, ती पावसात भिजेपर्यंत वरच्या मजल्यांवर कुणाला पत्ता नव्हता. म्हणून मी असे लिहिले आहे:

‘खंड ३ मध्ये “नोटिशीच्या दिनांकापासून” या मजकुराऐवजी “नोटिशीची मराठीतील प्रत प्रत्येक भाडेकरूस मिळाल्याच्या दिनांकापासून” हा मजकूर दाखल करावा. कारण: नोटिशीवरील दिनांक आणि ती प्रत्यक्ष कळण्याचा दिवस यांत अंतर पडते आणि मुदत नकळत संपते.’

हे चालेल का?

फोर्टमधील वकील

ताई, रचना अगदी बरोबर आहे आणि कारण दोन ओळींत दिले हे उत्तम. पण ‘प्रत्येक भाडेकरूस’ या शब्दांवर विभाग लगेच हरकत घेईल. आपल्या चाळीत एखादी खोली कुलूपबंद असेलच आणि तिचा भाडेकरू परदेशी असेल, तर त्याला प्रत मिळेपर्यंत कुणाचीच मुदत सुरू होणार नाही. पुनर्विकास अडवू पाहणाऱ्याला ती एक खोली पुरेल. मी असे सुचवीन:

‘नोटिशीची मराठीतील प्रत इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर ठळक जागी लावण्यात आल्याच्या, किंवा ज्ञात पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवण्यात आल्याच्या दिनांकापासून, यांपैकी जो दिनांक नंतरचा असेल त्यापासून.’

निवृत्त कक्ष अधिकारी

वकील साहेबांच्या मसुद्यात ‘प्रत लावण्यात आल्याच्या’ यापुढे ‘व तसा पंचनामा करण्यात आल्याच्या’ एवढे घाला. नाहीतर प्रत लावली की नाही, यावरच पुढची चार वर्षे वाद चालेल. आणि ताई, सूचनेखाली शंभर जणांच्या सह्या जरूर घ्या. तक्त्यात ओळ एकच असेल, पण ती खंड ३ च्या समोर असेल आणि तिच्यापुढे शंभर हा आकडा असेल.