खालच्या मजल्याची खिडकी उघडी की बंद?

वाशिष्ठीकाठ
परवाची वॉरहॅमरवरची (टेबलावर छोट्या सैनिकांच्या मॉडेल्सनी खेळायचा युद्धखेळ) पोस्ट वाचली, "खिडकीतून डोकं दिसतंय ना, मग गोळी लागणार, खिडकी बंद धरणं म्हणजे रडीचा डाव." डोकं फिरलं माझं म्हणून एवढं लिहितोय. वॉरहॅमर ४०के च्या दहाव्या आवृत्तीत (२०२३) रुइनच्या (पडक्या घराच्या) आरपार पलीकडचं दिसत नाही हे स्पष्ट आहे, त्यावर वाद नाही. वाद आत उभ्या असलेल्यांचा. त्यांना बाहेरून खऱ्या नजरेनेच बघायचं, मग टेबलावर गाल टेकून बसा. चिपळूणला आमच्या रविवारच्या स्पर्धेत माझे पाच इंटरसेसर सैनिक भिंतीआड होते, एकाचं खांद्याचं चिलखत चण्याएवढ्या फटीतून दिसलं आणि पाचही मेले म्हणून उचलले, कारण एक दिसला की जखमा अख्ख्या युनिटवर, म्हणजे तुकडीवर. वर वीस मिनिटं भांडण. खालचा मजला बंद, म्हणजे खिडक्या भिंतच धरायच्या, हे पहिल्या फेरीआधीच लेखी द्या.

मालवणी फासो
ह्यां माका पटूक नाय. बंद केलात की आतला पण बाहेर मारू शकत नाही, म्हणजे फायदा कुणाचा, तर धावत येऊन कापणाऱ्यांचा. इन्फंट्री (पायदळ) भिंतीतून आरपार जाते, आम्ही दोन हजार पॉइंटच्या तोफा रंगवून काय घरी बसायचं?

गडगा
तुम्ही दोघं पडक्या घरांवरच भांडताय. मी चिऱ्याचं घर केलंय, कौलारू, पडवी, ओटी सगळं. ते रुइन आहे का? पडवीतला माणूस आत की बाहेर? उतरत्या कौलांवर मॉडेल उभं राहतच नाही. आणि एमडीएफच्या फळ्यांची घरं आणू नका रे, जुलैत कडा फुगतात, मजला बसत नाही.

गुहागरकर
एमडीएफला नावं ठेवू नका, कडांना फेविकॉल पाणी घालून मारा, माझं चार पावसाळे टिकलंय. पूर्वी मखराच्या उरलेल्या थर्माकोलची घरं करायचो, २०१८ च्या बंदीनंतर तेही गेलं, आणि त्यावर स्प्रे मारला की विरघळायचं.

वाशिष्ठीकाठ
टिकलंय म्हणे! २०२१ च्या जुलैत पाणी घरात शिरलं तेव्हा माझी तीन टेबलांची घरं एका रात्रीत लापशी झाली. फेविकॉल सांगू नका मला.

गुहागरकर
पूर आणि दमट हवा एकच का? वाईट वाटलं वाचून, खरंच, पण म्हणून माझी पद्धत चुकीची ठरत नाही.

मालवणी फासो
अरे खिडकीचं काय झालं? मला आतून मारता यायलाच हवं, त्यावर मी हटणार नाही.

गडगा
मग वरचा मजला उघडा ठेवा. सहा इंचांवरून खालच्याला मारलंत की एपी (चिलखत भेदायची ताकद) पण एकने सुधारतो. तोफा मात्र बाहेरच, वर चढणार नाहीत.

मालवणी फासो
बरं, खालचा बंद, पण ह्याच स्पर्धेपुरता. आणि पडवी उघडी धरायची, तिला भिंतच नाही.

वाशिष्ठीकाठ
पडवी उघडी, मान्य. ओटीचं काय?