तिकीट काढले नाही, म्हणून मत मांडू नये काय?

सीनाकाठ :
'वेरूळची वाट' या टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी परवा येथे लिहिले की, सप्टेंबर २०२५ मध्ये आठवड्याच्या अंतराने लागलेले 'दशावतार' आणि 'साबर बोंडं' हे दोन्ही चित्रपट त्यांनी संभाजीनगरच्या मल्टिप्लेक्समध्ये पाहिले, दुसऱ्याला त्यांच्याखेरीज अकरा माणसे होती, यावरून मराठवाड्यात रसिकताच उरलेली नाही हे सिद्ध होते आणि जे पुढे घरी बसून चित्रपट पाहतात त्यांना मत देण्याचा अधिकार नाही. हे वाचून दोन दिवस गप्प राहिलो. आज राहवत नाही.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातला. 'साबर बोंडं' १९ सप्टेंबरला लागला आणि २२ तारखेला घटस्थापना होती. त्याच सुमारास आमच्या तालुक्यात पुरात अडकलेली माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. माझे साडेतीन एकर सोयाबीन सीना नदीच्या पाण्याखाली होते. घट बसवायला रानातली काळी माती आणतात. आईने पत्रावळ मांडली, पण आणायला मातीच नव्हती, रानात नुसता गाळ आणि वाळू. शेवटी माळावरच्या एका घरून ओंजळभर माती मागून आणली, तेव्हा घट बसला. अशा घरातल्या माणसाने रसिकता सिद्ध करण्यासाठी तिकीट काढायला हवे होते, असे आपले म्हणणे असेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

पूर नसतानाचेही सांगतो. एका मराठी चित्रपटासाठी आम्ही चौघे मित्र पहाटेच्या एसटीने सोलापूरला गेलो. दिवसभरात एकच खेळ होता, तोही सकाळी दहाचा. तिकीट खिडकीवरच्या मुलाने आमच्याकडे न पाहता सांगितले की किमान दहा माणसे झाली तरच खेळ होईल. आम्ही चौघांत दहा तिकिटे काढायची तयारी दाखवली, तर म्हणाला, "माणसं दहा पाहिजेत, तिकिटं नाही." भजी खाऊन परत आलो.

'दशावतार' मी घरी पाहिला. एक्क्याऐंशीव्या वर्षी दिलीप प्रभावळकरांनी केलेले काम थक्क करणारे आहे, मात्र उत्तरार्धात अवतारामागून अवतार येऊ लागले की बाप-लेकाची गोष्ट मागे पडते. तिकीट काढले असते, तरी हे मत बदलले नसते.

वेरूळची वाट :
पुराची गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नाही, ही चूक मान्य करतो. परंतु पूर परंड्यात आला होता, आमच्या सिडकोत नव्हे. येथे अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवाला गळ्यात पास अडकवून गर्दी करणारी मंडळी त्या आठवड्यात कोठे होती, याचे उत्तर आपल्या सोयाबीनमध्ये नाही. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन घातले. प्रेक्षकच फिरकत नसेल, तर त्या बंधनाने काय साधणार?

आणि घरी पाहणे म्हणजे काय, तेही सांगतो, कारण माझ्याच घरी रोज पाहतो. मध्येच दूध उतू जाते, मुलाचा गृहपाठ निघतो, जरा शांत प्रसंग आला की बोट आपोआप दहा सेकंद पुढे ढकलते आणि रात्री तोच माणूस 'चित्रपट फार संथ आहे' असे लिहून मोकळा होतो. 'साबर बोंडं'मध्ये बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी येतो, नातेवाईक सुतकातही त्याच्या लग्नाचा विषय काढतात आणि कॅमेरा बराच वेळ एका जागी थांबून हे सगळे पाहत राहतो. ते अवघडलेपण अंधारात बसूनच अंगावर येते.

मांजरेची लेक :
आपल्या दोघांचे भांडण चालू द्यावे. माझे दुखणे निराळे आहे. 'दशावतार'मध्ये मालवणी मानाने बोलली जाते, 'स्थळ'मध्ये विदर्भातल्या गावचीच माणसे आपल्या बोलीत बोलतात आणि कोणाला हसू येत नाही. मराठवाडी बोलीच्या वाट्याला मात्र पडद्यावर दोनच भूमिका येतात : एक इरसाल पुढारी, दुसरा फासाला लटकणारा शेतकरी. मी लातूरहून पुण्याला शिकायला गेले, तेव्हा मेसमध्ये सहज 'जेवायला जायलाव का?' असे विचारले, तर सगळे टेबल हसले आणि एक मुलगी म्हणाली, "परत म्हण ना, अगदी पिक्चरमधल्यासारखं वाटतं." वर्षभर मी त्या मेसमध्ये तोंड उघडले ते छापील मराठीत. आम्ही चित्रपटगृहात का जात नाही, असे विचारणाऱ्यांनी आम्हाला तेथे काय ऐकवले जाते, हेही विचारावे.

बीडचा मास्तर :
ताई, एवढे हळवे होऊ नये. मकरंद अनासपुरे यांनी ही बोली नायकाच्या तोंडी घातली आणि लोकांनी पैसे मोजून ती ऐकली. हसवणे म्हणजे हिणवणे नव्हे. शिवाय २०१६ साली 'सैराट'ने आपलीच बोली साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसवली, तिला कोण हसले?

मांजरेची लेक :
गुरुजी, 'सैराट' करमाळ्याचा आणि करमाळा सोलापूर जिल्ह्यात येतो. दुसऱ्याच्या अंगणातले लग्न आपले म्हणून मिरवण्याची वेळ यावी, यातच माझा मुद्दा आला.

सीनाकाठ :
येथे मात्र मी गुरुजींच्या बाजूने आहे. सीनेच्या पलीकडे करमाळा आणि अलीकडे परंडा. माझी सख्खी आत्या पलीकडे दिली आहे; नदी ओलांडून ती वेगळे बोलू लागली नाही. पूर आला तो दोन्ही काठांना. जिल्ह्याची रेघ महसूल खात्यासाठी असते, जिभेसाठी नसते.

नांदेडकर :
आपण सर्वजण जिला 'मराठवाडी' म्हणत आहात, ती बीड-धाराशिवची बोली आहे. परभणीचा माणूस 'कामून' आणि 'मव्हं' म्हणतो, तर बीडकडे 'मपलं' ऐकू येते. देगलूर-बिलोलीकडे या, म्हणजे तेलुगूच्या हेलाने चालणारे मराठी ऐकायला मिळेल. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिल्यामुळे आमच्या आज्यांच्या तोंडी उर्दू शब्द किती सहज यायचे, हे कोणत्या चित्रपटात आले आहे? पुण्या-मुंबईवर रागावणारे आपण, आठ जिल्ह्यांतल्या चार जिल्ह्यांना सोयीस्करपणे विसरता.

बीडचा मास्तर :
असेच भांडत बसा! आधी जिल्हे मोजा, मग तालुके मोजा, शेवटी वाडीवाडीचा निराळा चित्रपट काढा आणि तो पाहायलाही अकराच माणसे येतील. अठ्ठावीस वर्षे वर्गात पोरांना 'बोलीची लाज बाळगू नका' असे शिकवले. येथे येऊन ऐकतो काय, तर कोणाची बोली अधिक अस्सल, याची पंचाईत.

मांजरेची लेक :
गुरुजी रागावले, म्हणून मूळ मुद्द्यावर येते. 'साबर बोंडं' मी पुण्यात, चित्रपटगृहात, तिकीट काढूनच पाहिला. 'वेरूळची वाट' यांनी नोंद घ्यावी. रात्री आईला फोनवर नाव सांगितले, तशी ती खुलली. लहानपणी बांधावरच्या साबराची, म्हणजे निवडुंगाची, बोंडे ती काठीने पाडायची, मातीत घोळवून त्यांची बारीक कुसळे काढायची आणि तरीही एखादे कुसळ दोन दिवस बोटात सलत राहायचे. जीभ लाल झाली की चोरी उघडी पडायची. मग तिने विचारले, "पिक्चर कशाचा आहे गं?" दोन पुरुषांच्या प्रेमाचा आहे, हे माझ्याने सांगवले नाही. 'सुतकाचा आहे' असे म्हटले आणि विषय बदलला. लातूरला असते, तर मी तो चित्रपटगृहात पाहिलाच नसता. मध्यंतरात ओळखीची चार माणसे हमखास भेटतात. घरी, कानाला हेडफोन लावून, दार लोटून पाहिला असता. त्या पाहण्याला आपण कमी प्रतीचे म्हणणार काय?

वेरूळची वाट :
नाही म्हणणार. एवढ्यापुरते माझे वाक्य मागे घेतो, बाकीचे तसेच ठेवतो. दूध उतू जाणाऱ्या घरांविषयी माझे मत कायम आहे. 'सीनाकाठ' यांना मात्र आता तिकिटाचीही सबब नाही, कारण त्याच २२ सप्टेंबरपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला आहे.

सीनाकाठ :
आणि शंभरावरच्या तिकिटावर अठरा टक्के तसाच राहिला, हे सांगायचे आपण विसरलात. आपल्या मल्टिप्लेक्समध्ये शनिवारी संध्याकाळी शंभर रुपयांत खुर्ची मिळत असेल, तर कळवावे, चौघे येतो. उरलेली सहा माणसे आपण आणावीत.

नांदेडकर :
देगलूरच्या मुद्द्याला अजून कोणीही उत्तर दिलेले नाही.